जाळी कुठं जाळणार?

माहिती अधिकारात मिळालेल्या कागदांत सातव्या पानावर माझीच सही निघाली. हजेरीची यादी, अनुक्रमांक ४१. त्याच सभेचा ठराव पुढच्या पानावर होता: अमुक गटात प्लास्टिक पुनर्प्रक्रिया उद्योग सुरू करण्यास ग्रामपंचायतीची हरकत नाही, सर्वानुमते मंजूर. तारीख २ ऑक्टोबर २०२३.

त्या दिवशी मी गेले होते, हे खरं आहे. नळ कनेक्शनच्या यादीत नाव लागलंय का, तेवढं बघायचं होतं. रजिस्टर फिरलं, सही केली, चहा घेतला. यादी वाचून झाली तशी आम्ही बायका उठलो, कारण घरी पोळ्या टाकायच्या होत्या. आमच्या माघारी काय वाचलं आणि काय मंजूर झालं, देव जाणे. पण कागद म्हणत होता की मी तिथं बसून हो म्हटलं.

माझं फॉल-पिकोचं दुकान आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. गाव नाशिक जिल्ह्यातलं, द्राक्षं आणि कांद्याच्या पट्ट्यातलं. आमची वस्ती मात्र गावठाणात नाही. गावापासून थोडं लांब, एका शेतकऱ्याने पंधरा वर्षांपूर्वी पाडलेले प्लॉट. कुणी दीड गुंठा घेतला, कुणी दोन. आज चाळीसेक घरं आहेत. दिवाळीनंतर आमच्या मागच्या गटात जेसीबी आला, मुरूम पडला, लोखंडी खांब उभे राहिले. आधी वाटलं कोल्ड स्टोरेज असेल. नाना म्हणाले, बेदाण्याचं शेड असेल. मग खांब रंगवणाऱ्या पोरानेच सांगितलं, "काकू, प्लास्टिकचा दाणा बनवणार इथं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भंगारात गेलेल्या पिशव्या, कॅन, डबे, ठिबकच्या नळ्या निवडायच्या, कटरमध्ये बारीक करायच्या, धुवायच्या, वाळवायच्या, मग तापवून यंत्रातून शेवया पाडतात तशा दोऱ्या काढायच्या आणि त्या कापून दाणा करायचा. त्या दाण्याच्या पुन्हा बादल्या, पाइप, चटया होतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने प्लास्टिक पॅकिंग वापरणाऱ्या कंपन्यांवर जबाबदारी टाकली: जेवढं बाजारात सोडता, त्याच्या हिशेबात पुनर्प्रक्रिया झाल्याचं प्रमाणपत्र दाखवा. प्रमाणपत्र द्यायला नोंदणी असलेला कारखाना लागतो, आणि कारखान्याला स्वस्त जमीन, बोअर आणि हायवे लागतो. आमच्याकडे तिन्ही होतं.

पहिले पंधरा दिवस आम्ही नुसते तापलो. व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला, त्यावर कॅन्सरचे फोटो फिरायला लागले, कुठले ते कुणालाच माहीत नाही. माझा दीर फुरसुंगीला राहतो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं तिकडे उरुळी-फुरसुंगीच्या डेपोत पडला आणि तिथल्या लोकांनी गाड्या अडवून अडवून तो प्रश्न पेटता ठेवला. तो फोनवर म्हणाला, "वहिनी, अर्जबिर्ज राहू द्या, रस्त्यावर झोपा." पण आमच्याकडे अडवायला गाडीच नव्हती. कारखाना सुरू व्हायचा होता. रिकाम्या शेडपुढे झोपून काय करणार?

मग नानांनी विचारलं, "यांना परवानगी दिली कुणी?" नाना म्हणजे समोरच्या ओळीतले, एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले. त्यांना तिकिटाचा हिशेब लागल्याशिवाय झोप येत नाही. त्यांनीच जोडपत्र 'अ' आणलं, म्हणजे माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना.

आमचा पहिला माहिती अर्ज म्हणजे निबंध होता. आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यात आम्ही ठराव, पाणी, एनए म्हणजे जमिनीची बिगरशेती परवानगी, आरोग्य असं सगळं कोंबलं होतं. नवीन दोन केले. एक ग्रामपंचायतीला, एक प्रदूषण नियंत्रण मंडळाला. प्रत्येकावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिले, मुदत तीस दिवसांची. ग्रामपंचायतीने एकोणतिसाव्या दिवशी कागद दिले आणि त्यात सातव्या पानावर मी निघाले.

मंडळाकडून कंपनीचा स्थापना संमतीचा अर्ज मिळाला. जलकायदा १९७४ आणि वायुकायदा १९८१ या दोन्हींखाली ही संमती घेतल्याशिवाय कारखाना उभारता येत नाही. उभारल्यावर चालवायची संमती आणखी वेगळी. म्हणजे शेड उभं राहिलं तरी खेळ संपलेला नव्हता. अर्जात एक रकाना होता, जवळची लोकवस्ती किती अंतरावर. तिथं लिहिलं होतं: ५५० मीटर.

नानांनी गवंड्याची फीत आणली. शेडच्या पत्र्यापासून माझ्या मोरीच्या भिंतीपर्यंत ८४ मीटर भरले. आम्ही दोनदा मोजलं, दुसऱ्यांदा पोरांना फीत ताणून धरायला लावली. ८४.

"खोटं लिहिलंय!" सगळे ओरडले. मीही ओरडले. ओरडून दमल्यावर डोक्यात उजेड पडला. त्यांनी गावठाणापर्यंतचं अंतर दिलं होतं, आणि ते ५५० मीटरच आहे. आम्ही गावठाणात नाही. आम्ही सातबाऱ्यावरही घर म्हणून नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, दीड-दोन गुंठ्यांचं वेगळं खरेदीखत तेव्हा होत नव्हतं. आमच्यातल्या कुणाचं नाव सामाईक सातबाऱ्यावर आहे, तर कुणाकडे नुसती नोटरी. आणि त्या सातबाऱ्यावर पिकाच्या रकान्यात अजून बाजरी आहे. सरकारच्या दृष्टीने माझ्या शिलाई मशीनच्या जागी बाजरी उभी होती.

इथून वस्तीत फूट पडली. शेजारच्या वहिनी रात्री मागच्या दाराने आल्या. "तुम्ही अंतर मोजा म्हणून अर्ज करणार. साहेब येणार. तो म्हणाला, ही घरं कुठून आली, तर?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तीन घरांनी निवेदनावर शेवटपर्यंत सही केली नाही. त्यातलं एक घर त्यांचंच. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता येत नाही, पण हळदीकुंकवाला अजून एकमेकींकडे जाणं झालेलं नाही.

यातून वाट काढली ती माझ्या सासूबाईंच्या पत्र्याच्या पेटीने. त्यांना कागद टाकवत नाहीत. वीजबिलं, रेशनच्या पावत्या, आणि त्यातच २०११ पासूनच्या घरपट्टीच्या पावत्या, शिक्क्यासकट. ग्रामपंचायतीने घरपट्टी घेतली म्हणजे नमुना आठच्या रजिस्टरला घराची नोंद असणारच. घर अधिकृत नसेल, पण आहे ना? ज्या ग्रामपंचायतीने ठरावात 'सदर जागेलगत लोकवस्ती नाही' असं लिहिलं होतं, तीच बारा वर्षं आमच्याकडून दिवाबत्ती कर घेत होती. मी भाऊसाहेबांपुढे पावत्या ठेवल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ठराव माझ्या आधीच्या ग्रामसेवकांनी लिहिलाय, ताई," म्हणाले. त्यांची बदली होऊन तीन आठवडे झाले होते, त्यामुळे ते खरंच होतं.

याच काळात आम्ही जनसुनावणीची वाट बघत होतो. कुणीतरी छातीठोक सांगितलं होतं की पर्यावरणाची सुनावणी होते, कलेक्टर बसतात, लोकांना माइक देतात. होते, पण २००६ च्या अधिसूचनेच्या यादीतल्या मोठ्या प्रकल्पांसाठी. प्लास्टिक निवडून, धुऊन, दाणा करणारा कारखाना त्या यादीत बसत नाही. म्हणजे आमचं म्हणणं ऐकून घ्यायला कायद्याने जागा उरली ती ग्रामसभेची. तीच ग्रामसभा, जिथून मी पोळ्या टाकायला उठून आले होते.

भंगारवाले चाचा आमच्या वस्तीच्या तोंडाशी बसतात. कारखाना आला तर त्यांचा फायदा होता. त्यांचा माल मालेगावला जातो, छोट्या हत्तीचं भाडं जातं, ते वाचलं असतं. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते एका टबाचा तुकडा काडीने पेटवून हुंगत होते. "हा बघ, मेणबत्तीचा वास, हा चांगला माल," म्हणाले. मग पाइपचा तुकडा पेटवला. ज्योतीची कड हिरवट झाली, आणि नाकात असं झोंबलं की मी दोन पावलं मागे सरले. "हा पीव्हीसी. हा वेगळा काढायचा. पाण्यात टाक, बुडतो. पिशवी तरंगते." बावीस वर्षांपूर्वी ते धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये प्लास्टिक निवडायला होते, तिथं शिकलेले. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं टोकाशी काळी पडलेली आहेत.

"बेटा, तू विरोध कर, मी अडवत नाही," ते म्हणाले. "पण आधी कारखाना बघ तरी. न बघता काय बोलशील?"

म्हणून जानेवारीत आम्ही पाच जणी आणि नाना चाचांच्या गाडीत बसून मालेगावला गेलो. मालेगाव म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात, पण जुन्या प्लास्टिकची गिट्टी, म्हणजे बारीक तुकडे, आणि पाइप करणारे कारखानेही तिथं आहेत. चाचांच्या ओळखीच्या मालकाने आम्हाला आत घेतलं, चहा पाजला, काही लपवलं नाही. आवारात पिशव्यांचा ढीग माझ्या घराच्या गच्चीएवढा. ढिगाशी बायका बसून निवडत होत्या, पाणी प्यायलाही न उठता. कटर सुरू झाला की कानात बोट घातल्याशिवाय बोलता येईना. धुण्याच्या हौदातलं पाणी काळं, त्यावर बारीक चुऱ्याची साय. यंत्रातून दोऱ्या निघताना मात्र मजा वाटत होती, कुरडयांचा साचा आठवला.

निघताना नानांनी विचारलं, ती मागं कसली आग आहे? शेडच्या पाठीमागे विटांच्या चौकोनात काहीतरी धुमसत होतं. मालक म्हणाला, "जाळी आहे." यंत्राच्या तोंडाशी लोखंडी तारेची बारीक जाळी असते. वितळलेलं प्लास्टिक तिच्यातून गाळून येतं, माती-कागद वर अडकतो. थोड्या वेळाने जाळी तुंबते, की बदलायची. तुंबलेली टाकून द्यायची तर नवी महाग, म्हणून ती जाळून साफ करायची आणि पुन्हा लावायची. "सगळेच करतात," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात ना लाज होती ना मस्ती. आमची चूल पेटते तसं त्यानं सांगितलं.

घरी येऊन साडी दोनदा धुतली तरी वास गेला नाही. त्या रात्री मला कारखान्याबद्दल भीती होती, पण आता ती नेमकी होती. कॅन्सरच्या फोटोंपेक्षा मला ती जाळी दिसत होती, माझ्या मोरीपासून ८४ मीटरवर.

२६ जानेवारी २०२४ ची ग्रामसभा. आदल्या दिवशी महिला सभा होती. नियमाने ती दर वेळी घ्यायची असते, आमच्याकडे इतकी वर्षं ती फक्त रजिस्टरमध्ये भरत होती. यावेळी आम्ही त्रेपन्न जणी जाऊन बसलो आणि हरकत लिहून घेतल्याशिवाय उठलो नाही. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर गणसंख्या मोजली. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यातली कमी असेल ती लागते. आम्ही नुसत्या वस्तीतले आणि मळ्यातले मिळून त्याच्या पुढे होतो.

कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन आला होता. चांगला बोलला. हिरव्या झाडांचे फोटो, पाणी बाहेर सोडणार नाही, तीस जणांना रोजगार, गावातल्या पोरांना प्राधान्य. पोरं टाळ्या वाजवायला लागली. मला उठताना पाय लटपटले, खोटं कशाला बोलू. ब्लाउजच्या मापाशिवाय चार माणसांत मी कधी काही बोललेले नाही.

मी विचारलं, "जाळी कुठं जाळणार?"

"कोणती जाळी, मॅडम?"

"यंत्राच्या तोंडाची. तुंबल्यावर."

तो थोडा थांबला. मग म्हणाला, "ती आम्ही अधिकृत एजन्सीला देऊ."

"कोणत्या? तुमच्या अर्जात नाव नाही. मी अर्ज वाचलाय." आणि मी अर्ज वर धरला. मागून नाना म्हणाले, "पान नंबर सांग, पान नंबर."

त्यानंतर बाकीचे बोलले. धुण्याचं पाणी किती, बोअर किती फूट, आग लागली तर बंब कुठून येणार, कारण आमच्याकडे तो तालुक्याहून येतो. माणूस एकेकाला उत्तरं देत होता. शेवटी वैतागला असावा. म्हणाला, "मंडळी, तुम्ही मल्चिंग पेपर वापरता. ठिबकच्या नळ्या वापरता. द्राक्षाला प्लास्टिकचं आच्छादन टाकता. हंगाम संपल्यावर त्याचं काय करता?"

सभा गप्प झाली. कारण सगळ्यांना माहीत होतं काय करतो. नळ्या चाचांकडे जातात, त्यांचे पैसे येतात. मल्चिंगला, म्हणजे वाफ्यावर अंथरलेल्या प्लास्टिकला, माती चिकटलेली असते, चाचा घेत नाहीत. मग शेतकरी ते बांधावर गोळा करतात आणि संध्याकाळी वारा पडला की काडी लावतात. माझ्या भावाच्या मळ्यातही तेच. एक म्हातारे बाबा हळूच म्हणाले, "त्याचं बी काढू की उत्तर, पण तुमचं आधी सांगा." लोक हसले आणि मुद्दा तिथंच राहिला. मला तो माणूस तेवढ्या क्षणी बरोबर वाटला होता, हे मी तिथं बोलले नाही.

ना हरकत रद्द करायचा ठराव हात वर करून झाला. ठराव वाचून दाखवल्याशिवाय यावेळी कुणी सही केली नाही. मी दोनदा वाचला.

पण ग्रामसभेने रद्द केलं म्हणून मंडळ बांधील होतंच असं नाही. वकिलांनी समजावलं की मंडळ पाणी आणि हवा बघतं, आणि संमती दिलीच तर अपिलाला तीस दिवस मिळतात, पुण्याला हरित न्यायाधिकरण आहे. दर घरी पाचशे रुपये वर्गणी काढली. खर्चाची वही नानांकडे, झेरॉक्सच्या दोन-दोन रुपयांसकट.

फेब्रुवारीत स्थळपाहणी झाली. अधिकारी तरुण होता, मोटारसायकलवर आला. त्याने स्वतःची फीत काढली. मी सासूबाईंची पेटीच बाहेर आणून ठेवली होती, आणि सासूबाई पेटीवर बसल्या होत्या. साहेबाने पावत्या पाहिल्या, फोटो घेतले, आमच्या मोरीच्या भिंतीला हात लावून मोजलं. अहवालात त्याने लिहिलं: "जवळचे निवासी घर ८३.५ मीटर." घर हा शब्द त्यात होता. सामाईक सातबारा कुणी काढला नाही, घरं कशी बांधली कुणी विचारलं नाही. शेजारच्या वहिनी पडद्याआडून बघत होत्या.

पुढं काहीच घडलं नाही असं चार महिने वाटलं. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, ज्याच्या टेबलाकडे जावं तो निवडणुकीच्या ड्यूटीवर. २० मेला आमच्याकडे मतदान झालं. मंडळाने कंपनीकडे खुलासा मागितल्याचं पत्र आम्हाला दुसऱ्या माहिती अर्जात मिळालं. आणि जुलैमध्ये, एका पावसाच्या दुपारी, नाना छत्रीत कागद झाकून आले. कंपनीने अर्ज मागे घेतला होता. कारण लिहिलं होतं, "व्यावसायिक कारणास्तव". पुढं एका औद्योगिक वसाहतीत जागा घेतली असं ऐकलं. तिथं बंब आहे, सांडपाण्याची सोय आहे, घरं लांब आहेत. आम्ही पहिल्यापासून तेच म्हणत होतो, पण आम्हाला विचारून ते गेले नाहीत, एवढं कळण्याइतकी मी आता शहाणी आहे. शेड आता एका व्यापाऱ्याने क्रेट ठेवायला भाड्याने घेतलंय. क्रेटही प्लास्टिकचेच.

चाचा माझ्याशी बोलतात. भाडं मात्र अजून मालेगावचंच भरतात. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली होती तेव्हा मी दोन महिने रात्रंदिवस कापडी पिशव्या शिवल्या होत्या, किराणावाल्याची ऑर्डर होती. मग ऑर्डर हळूहळू आटली आणि पिशव्या परत आल्या. परवा चाचांच्या ढिगात त्याच किराणा दुकानाच्या पिशव्यांचं गाठोडं होतं. चाचा म्हणाले, "पातळ माल, याला भाव नाही."

ज्याला भाव नाही ते घंटागाडीत जातं. आमची घंटागाडी ते ओढ्याकाठी गायरानात ओतते आणि दर गुरुवारी तिथं धूर निघतो. वाऱ्याची दिशा असेल तर तो माझ्या दुकानात येतो, पांढऱ्या अस्तराच्या कापडाला वास लागतो. हे काही आज सुरू झालेलं नाही. कारखान्याच्या आधीपासून आहे. २०१६ च्या नियमांत गावचा प्लास्टिक कचरा वेगळा गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवायची जबाबदारी ग्रामपंचायतीची आहे, हे मी कारखान्याची फाइल चाळताना वाचलं होतं आणि पान उलटलं होतं.

मागच्या सोमवारी ग्रामपंचायतीत गेले. भाऊसाहेब जागेवर होते.

"या ताई. आता कुणाविरुद्ध?"

मी जोडपत्र 'अ' पुढे सरकवलं. विषय लिहिला होता, दर गुरुवारी गायरानात जाळल्या जाणाऱ्या कचऱ्याबाबत. शब्द मोजून ११२ भरले होते. ते वाचत असताना मी पर्समधला स्टॅम्प शोधत होते.